गोव्यात भाड्याने द्यायला घर घेताना: कागदापासून कौलांपर्यंत

पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे ओळखीचे लोक सुट्टीला येतात, शेवटच्या दिवशी जेवताना विचारतात, "इथे एखादा फ्लॅट घेऊन ठेवला तर? भाड्यावरच हप्ता निघेल ना?" दलालाने तोवर त्यांना कळंगुटजवळचे दोन फ्लॅट दाखवलेले असतात आणि डिसेंबरचा दर बाराने गुणून हिशेबही करून दिलेला असतो. मी फोंड्याचा. घरचा एक फ्लॅट आणि भावंडांच्या वाटणीचे एक कौलारू घर अशी दोन्ही भाड्याने देतो. पाहुण्यांना तुकड्यातुकड्याने सांगत आलो ते इथे सलग लिहितो आहे. वकिलाची जागा हा लेख घेणार नाही, पण वकिलाकडे काय विचारायचे ते यातून कळेल.

१. आधी भाडेकरू ठरवा, मग घर शोधा

बहुतेक जण उलटे करतात. घर आवडते, मग भाडेकरू कोण मिळेल याचा विचार सुरू होतो. गोव्यात भाडेकरूंचे दोन अगदी वेगळे बाजार आहेत, आणि एकासाठी घेतलेले घर दुसऱ्याला क्वचितच चालते.

पहिला पर्यटकांचा: कांदोळी, कळंगुट, हणजूण, आसगाव, शिवोली, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मोरजी-आश्वे व एकूणच पेडण्याची बाजू. इथे दर रात्रीचा असतो, नाताळात चढा आणि जुलैत पडलेला. दुसरा बाजार इथे राहून काम करणाऱ्यांचा: बांबोळीच्या गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेजातले) डॉक्टर व परिचारिका, वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतले कर्मचारी, झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या आसपासची मंडळी, पर्वरी-पणजीतले सरकारी नोकर आणि बँकवाले. यांना समुद्राचे काही पडलेले नसते. पाणी किती वेळ येते, बसथांबा किती लांब, दुचाकी आडोशाला लावता येते का, एवढेच विचारतात.

तुम्ही गोव्याबाहेर राहत असाल आणि महिन्यातून एकदाही येणे जमणार नसेल, तर माझे मत सरळ आहे: दुसरा बाजार धरा. पर्यटकांचे घर म्हणजे छोटे हॉटेल चालवणेच. रात्री अकराला गीझर बंद पडला की फोन तुम्हालाच येणार.

२. डिसेंबरचा हिशेब बाजूला ठेवा

उदाहरणादाखल आकडे घेऊ. पर्वरीला ८० लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ फर्निचर धरून हातचे ८८ लाख गेले. भाडे महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३ लाख. त्यातून एक महिना रिकामा गेला, सोसायटीचे महिना ३,००० गेले, पावसाआधीची डागडुजी व प्लंबर-इलेक्ट्रिशियन मिळून वर्षाचे २४,०००, घरपट्टी व विमा १०,०००, आणि भाडेकरू बदलताना दलालीचे वर्षाकाठी साडेबारा हजार. उरले १,९२,५००. गुंतवलेल्या रकमेवर २.२ टक्के, तेही आयकराच्या आधी.

म्हणजे कर्जाचा हप्ता भाड्यातून निघत नाही. किंमत पुढे वाढेल या आशेवर घेत असाल तर तसे स्वतःशी कबूल करून घ्या, आणि हप्ता पगारातून भरता येतो का ते बघा. तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील, पण खर्चाची यादी हीच राहील. मला आजवर एकाही दलालाने रिकामा महिना हिशेबात धरलेला दिसला नाही.

३. जमिनीचे कागद: इथे वेळ घालवा

महाराष्ट्रातून येणारा माणूस सातबारा मागतो. इथे त्याच्या जागी फॉर्म १ व १४ असतो, ज्याला तलाठ्यापासून दलालापर्यंत सगळे "वन-फोर्टीन" म्हणतात. शहरी भागात सिटी सर्व्हेचा फॉर्म डी. सर्व्हे नंबर माहीत असेल तर भूनोंदीच्या सरकारी संकेतस्थळावर उतारा पाहता येतो, त्यामुळे पहिली चाळणी घरबसल्या होते.

पण या उताऱ्यावर नाव असले म्हणजे तो माणूस मालक, असे नाही. १९६८ च्या गोवा भूमहसूल संहितेनुसार ती नोंद खरी धरली जाते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत. मालकी सिद्ध होते ती खरेदीखतातून, वाटणीच्या कागदातून आणि जुन्या मालमत्तांच्या बाबतीत पोर्तुगीज काळातल्या नोंदणी पुस्तकांतल्या वर्णनातून. ही पुस्तके पोर्तुगीज भाषेत आहेत. ती वाचू शकणारा वकील किंवा भाषांतरकार लागतो, आणि त्याच्या फीमध्ये घासाघीस करू नका. अशाच जुन्या कागदांची बनावट करून लोकांच्या, विशेषतः परदेशी गेलेल्यांच्या, जमिनी लाटल्याची इतकी प्रकरणे बाहेर आली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला.

उतारा हातात आल्यावर नावाच्या खालीही वाचा. कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे का? इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकार आहे का? मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत पूर्वापार घर करून राहणारे कुटुंब. १९७५ च्या कायद्याने त्याला घराबाहेर काढता येत नाही, उलट घर आणि भोवतालची जागा, पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत आणि पालिका हद्दीत २०० पर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. "ती झोपडी दोन महिन्यांत उठेल" असे विकणारा म्हणाला तर तिथेच चहा संपवून उठा. ते घर हलणार नाही आणि हलवायचा प्रयत्न तुम्ही करूही नये. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदी घातली आहे, तेव्हा शेताकाठच्या "भविष्यातल्या प्लॉट"चा मोह सोडा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, आहे का, हेही विचारा. तिच्यावरची घरे पिढ्यानपिढ्या उभी असतात आणि तरी मालकी अधांतरी असू शकते.

आता सह्यांचा प्रश्न, जो बाहेरच्यांना सगळ्यात जास्त चकवतो. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. विक्रेत्याच्या एकट्याच्या नावावर उतारा असला तरी बायकोची सही लागते. वडिलोपार्जित घर असेल तर सगळी भावंडे आणि त्या सगळ्यांचे जोडीदार. एक आत्या मुंबईला, एक चुलत भाऊ लिस्बनला, एक लंडनला, आणि तिसऱ्याचे निधन होऊन त्याची मुले कॅनडात, असे चित्र जुन्या घरांत नेहमीचे. वारसांची वाटणी कोर्टातल्या इन्व्हेंटरी प्रक्रियेने होते. यासाठीचा सध्याचा कायदा २०१२ चा, लागू डिसेंबर २०१६ पासून. वाटणी झालेली नसताना एखाद्या वारसाने तुम्हाला घर विकले तर तुमच्या हाती येतो फक्त त्याचा अविभक्त हिस्सा, आणि हिश्शाला भाडेकरू मिळत नाही.

कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा समोर असेल तर मूळ मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. मालक हयात आहे ना, हेही त्यातच कळते. परदेशात झालेले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झाले आहे का आणि इथे आणल्यावर त्यावर मुद्रांक भरला आहे का, हे वकिलाला तपासू द्या.

वकिलाकडे जाताना ही जुळणी करा:
- फॉर्म १ व १४ किंवा फॉर्म डी, आणि सर्व्हे आराखडा
- मालकी हस्तांतराच्या नोंदी (म्युटेशन) आणि निदान तीस वर्षांची खरेदीखते
- जुन्या मालमत्तेसाठी पोर्तुगीजकालीन नोंदणीचे वर्णन, भाषांतरासह
- इन्व्हेंटरी झाली असेल तर कोर्टाचा आदेश. नसेल तर वारसदाखला व सर्वांच्या सह्या
- उपनिबंधकाकडचा बोजा नसल्याचा दाखला
- विक्रेत्याचा विवाह दाखला
- नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला आणि रूपांतराची (जमीन बिगरशेती केल्याची) सनद
- बांधकाम परवाना, कम्प्लिशन (काम पूर्ण झाल्याचा) आणि ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा) दाखला
- घरपट्टी, वीज व पाण्याच्या चालू पावत्या

शिवाय स्थानिक मराठी आणि इंग्रजी दैनिकांत जाहीर नोटीस द्यायला लावा. खर्च थोडा, पण एखादा विसरलेला वारस त्यातूनच उगवतो. आधी उगवलेला बरा.

४. घर उभे आहे, पण परवानग्या उभ्या आहेत का?

फ्लॅट घेणाऱ्यांना वाटते, वरचा गोंधळ जमिनीवाल्यांचा. तसे नाही. इमारत ज्या जमिनीवर आहे तिचे कागद तुम्हालाही लागतात, आणि त्यावर बांधकामाची साखळी: झोनिंग, सनद, आराखड्याला मंजुरी, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, काम पूर्ण झाल्यावर कम्प्लिशन आणि शेवटी ऑक्युपन्सी. यातली शेवटची कडी बरेचदा नसते. लोक राहत असतात, वीज असते, घरपट्टीची पावती असते. घरपट्टी पंचायत कर म्हणून घेते. पावतीने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्यांलगतच्या आणि शेतांतल्या बेकायदा बांधकामांवर, स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात, आदेश दिल्यापासून "इथे सगळे असेच चालते" या वाक्यावर विसंबणे जास्तच महाग पडू शकते.

किनारा, नदी, खाडी किंवा खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घातलेली सखल जमीन) जवळ असेल तर सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) जागा येते का, हे नकाशावर पाहून घ्या. नवीन प्रकल्प असेल, आणि तो अगदी लहान नसेल, तर गोवा रेरावर (गृहप्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडे) नोंदणी हवी; तिथे बिल्डरने चढवलेले कागद आणि ताबा देण्याची कबूल केलेली तारीख वाचता येते. जुन्या इमारतीत सोसायटी नोंदलेली आहे का, की अजून बिल्डरच "मेंटेनन्स" गोळा करतो, ते विचारा. सोसायटी असल्यास तिच्या नियमांत पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने देण्यावर बंदी आहे का, हे करार करण्याआधी लेखी घ्या.

एक साधी युक्ती: सरकारी बँकेकडे गृहकर्जाचा अर्ज टाका, पैसे रोख असले तरी. बँकेच्या वकिलाने कागद नाकारले तर का नाकारले ते फुकट कळते. अगदी फुकट नाही म्हणा, प्रक्रिया शुल्क जाते.

५. घर जुलैत बघा

गोव्यातली घरे जानेवारीत सुंदर असतात. भिंतीला नुकता रंग, अंगणात जास्वंद, आणि विकणारा प्रसन्न. तेच घर भर पावसात बघा. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर ओल चढते का, कपाटाच्या मागे बुरशी आहे का, स्लॅबवर पत्र्याची शेड घातलेली आहे का आणि घातली असेल तर ती परवानगी घेऊन का, रस्त्यावरचे पाणी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये शिरते का, वीज गेली की किती वेळाने येते. शेजाऱ्याला विचारलेत तर तो या सगळ्याची उत्तरे पाच मिनिटांत देईल.

उन्हाळ्यात पाण्याचे विचारा. बार्देशला अस्नोड्याहून, तिसवाडी-फोंड्याला ओप्याहून आणि दक्षिणेला साळावलीहून पाणी येते, आणि कागदावर नळ असला तरी एप्रिल-मेमध्ये बऱ्याच इमारतींत टँकर येतो. टँकरचे पैसे भाडेकरू देणार की मालक, यावरून मी मैत्रीपूर्ण भाडेकरू तुटताना पाहिले आहेत. तेव्हा करारातच लिहा.

कौलारू घर घेणार असाल तर सुताराला सोबत न्या. वाशाला टाचणी टोचून वाळवी लागली आहे का ते तो सांगेल. मे महिन्यात कौले चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ करायचे. हे दरवर्षीचे काम आहे आणि ते करणारी माणसे कमी होत चालली आहेत. एप्रिलमध्येच सांगून ठेवले नाही तर पाऊस त्यांच्या आधी येतो.

६. पैसे देण्याच्या पायऱ्या

टोकन देताना पावतीवर लिहून घ्या की कागद वकिलाच्या तपासणीत सदोष निघाले तर रक्कम परत. त्यानंतर विक्रीचा करार आणि मग उपनिबंधकाकडे खरेदीखत. रोखीचा वाटा मागणारा भेटेल. भविष्यात विकताना तुमचाच भांडवली नफा त्याने फुगतो, शिवाय तो गुन्हा आहे.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का करकपात करून भरायची असते. गोव्यात खास सापळा असा की विक्रेता पोर्तुगीज पासपोर्टवाला असू शकतो. म्हापशात राहतो, कोकणीत गप्पा मारतो, म्हणून त्याला इथलाच समजून १ टक्का कापाल. पण आयकराच्या दृष्टीने तो अनिवासी निघाला तर कपातीचा दर खूप जास्त असतो आणि कमी कापल्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून नागरिकत्व आणि निवासाचा दर्जा, दोन्ही लेखी मागा आणि सीएला दाखवा.

खरेदीखत झाले की म्युटेशनचा अर्ज, घरपट्टी, वीज आणि पाणी जोडण्या तुमच्या नावावर. बरेच बाहेरगावचे मालक इथे थांबतात आणि वर्षानुवर्षे वीजबिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहते.

७. लांब मुदतीचा भाडेकरू ठेवताना

गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे आणि तो भाडेकरूच्या बाजूने झुकतो, म्हणून बहुतेक जण ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करतात. एक वर्षाहून लांबचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. करारात हे स्पष्ट हवे: अनामत किती आणि किती दिवसांत परत, वीज-पाणी-टँकर कोणाचे, सोसायटीचे कोणाचे, किरकोळ दुरुस्तीची मर्यादा किती, पोटभाडेकरू नाही, आणि ऑनलाइन पर्यटकांना देणे नाही. शेवटचे कलम लोकांना गमतीचे वाटते. पण तुमचा फ्लॅट लांब मुदतीने घेऊन तोच रात्रीच्या दराने फिरवणारे आहेत, आणि कारवाई झाली तर नोटीस मालकाच्या नावाने येते.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे सक्तीचे आहे. २०२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच विधानसभेत झाला. ओळखपत्र, फोटो, मूळ गावाचा पत्ता आणि करार घेऊन जा, पोच घ्या, फाइलला लावा. भाडेकरू परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, जुन्या सवयीने ज्याला फॉर्म सी म्हणतात तो. पेडणे-बार्देशात याची तपासणी खरोखर होते.

घर देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ उघडून, पंखे लावून. सोडताना तोच लावून दोघांनी मिळून बघायचा. अनामतीवरची बहुतेक भांडणे तिथेच मिटतात.

८. पर्यटकांना द्यायचेच असेल तर

१९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, मग खोली एक असो वा बंगला. मालकीचा कागद, ऑक्युपन्सी, घरपट्टी पावती, पंचायतीचा ना-हरकत दाखला, साधारण हे लागते. इथेच चौथ्या मुद्द्यातली त्रुटी आडवी येते, कारण ऑक्युपन्सी नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. डिसेंबर २०२५ मधल्या हडफड्याच्या नाइटक्लब आगीनंतर परवान्यांची तपासणी कडक झाली आहे, आणि झाली ते बरेच झाले.

वीज खाते घरगुती दर बदलून व्यावसायिक दर लावू शकते, तो खर्च धरा. जीएसटीत रात्रीचे साडेसात हजारांपर्यंतचे भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर स्वतः नोंदणीची गरज सहसा पडत नाही, पण ऑनलाइन बुकिंग मंच तो कर ग्राहकाकडून घेऊन भरतो, तेव्हा तुमचा दर ठरवताना ती रक्कम वर चढणार हे लक्षात असू द्या.

शेजाऱ्यांशी संबंध कागदाइतकेच महत्त्वाचे. वाड्यावर रात्री दोनला गाणी वाजली आणि सकाळी ओढ्याजवळ बाटल्यांची पिशवी सापडली, की पुढच्या ग्रामसभेत तुमच्या घराचे नाव निघते. कचरा कोणत्या दिवशी सुका, कोणत्या दिवशी ओला, हे पाहुण्यांसाठी दारामागे लावा आणि उरलेला स्वतःचा माणूस उचलेल अशी सोय करा.

९. चावी कोणाकडे?

बाहेरगावच्या मालकाचा निम्मा त्रास या एका प्रश्नात आहे. व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्या आहेत. पर्यटकांच्या घरांसाठी त्या भाड्याचा टक्का घेतात. करार करताना टक्का एकूण भाड्यावर की खर्च वजा जाता, दुरुस्तीची बिले मूळ मिळणार का, आणि घर रिकामे असताना तिथे कोणी राहणार नाही याची हमी, एवढे विचारा.

लांब मुदतीच्या घरासाठी मला कंपनीपेक्षा गावातला एखादा विश्वासू माणूस बरा वाटतो. निवृत्त लाइनमन, शिक्षिका, समोरच्या दुकानाची काकी. ठरलेली मासिक रक्कम द्या, चतुर्थीला आठवण ठेवा, आणि उपकार म्हणून काम करून घेऊ नका. फुकटचे काम ऑगस्टमधल्या गळतीपर्यंत टिकत नाही. घर बंद राहणार असेल तर पंधरवड्याने एकदा खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, एसी अर्धा तास चालवायचा. समुद्राजवळ एसीची बाहेरची पेटी खाऱ्या हवेने गंजते, म्हणून ती आडोशाला बसवा आणि वर्षातून दोनदा धुऊन घ्या.

१०. कर, थोडक्यात

लांब मुदतीचे भाडे घरमालकीच्या उत्पन्नात येते, घरपट्टी वजा करून उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडेकरू महिना ५०,००० हून जास्त देत असेल तर त्याने २ टक्के करकपात करायची असते. रात्रीच्या दराने सेवा देऊन मिळवलेले पैसे मात्र व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकतात.

गोव्याच्या नागरी कायद्याखाली येणाऱ्या, म्हणजे सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असलेल्या जोडप्यांना आयकरात वेगळी तरतूद आहे: घरभाड्याचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे धरून दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचे. महाराष्ट्रातून येऊन घर घेतल्याने ही तरतूद तुम्हाला आपोआप लागू होत नाही. तुमच्यापैकी कोणाचे लग्न गोव्यात नोंदलेले असेल, तर पहिले भाडे जमा होण्याआधी गोव्यातल्याच सीएला विचारा. बाहेरच्या सीएंना ही तरतूद बरेचदा ठाऊक नसते.